‘पिन’मधला प आणि १९६४ चा एक निबंध

पीएचडीचा आराखडा समितीपुढे मांडला तेव्हा माझ्या दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं: ‘मराठी भाषक इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीच्या प, ट, क या ध्वनींचा उच्चार सदोष करतात.’ समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी पेन्सिलीने ‘सदोष’भोवती गोल काढला आणि विचारलं, “कुणाच्या फूटपट्टीने?” मी तयारीत होते. म्हणाले, “लिस्कर आणि अब्रॅमसन, १९६४.” त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “वाचलायस का तो? की कुणाच्या तरी संदर्भसूचीतून उचललायस?”

उचललाच होता. मला त्यातला एक आकडा पाठ होता, ५८ मिलिसेकंद, आणि तेवढ्या जोरावर मी आठ-नऊ कोटी लोकांचा उच्चार सदोष ठरवून मोकळी झाले होते. त्या दिवशी आराखडा परत आला. मग पुढचे दोन आठवडे तो निबंध ओळ न् ओळ वाचला. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. तुमच्यापैकी जे आराखडा लिहायच्या बेतात आहेत, त्यांनी माझ्या वाक्यासारखं एखादं वाक्य आपल्याही कागदात आहे का, ते वाचता वाचता तपासावं.

आधी ध्वनीची गोष्ट. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांपुढे धरा आणि ‘पाट’ म्हणा. पट्टी जेमतेम हलेल. आता ‘फाटक’ म्हणा, दोन्ही ओठ मिटून. पट्टी उडेल. (खालचा ओठ वरच्या दातांना लावून फ म्हणत असाल, आणि शहरात आपल्यापैकी बरेच जण तसंच म्हणतात, तर हा प्रयोग तुमच्यावर चालणार नाही. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.) पहिला अल्पप्राण, दुसरा महाप्राण. हे आपण शाळेत शिकलो. आता इंग्लंड-अमेरिकेतला माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा पट्टीचं काय होतं? उडते. तोच माणूस ‘स्पिन’ म्हणतो तेव्हा? उडत नाही. म्हणजे इंग्रजीत लिहायला अक्षर एकच, पण शब्दाच्या सुरुवातीला, त्या अवयवावर आघात असताना, प चा उच्चार आपल्या महाप्राणाकडे झुकतो आणि स नंतर तो साधा प राहतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक सहसा जाणवतसुद्धा नाही, कारण त्या फरकाने त्यांच्या भाषेत शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपल्याकडे बदलतो. ‘पळ’ आणि ‘फळ’ वेगळे.

ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन हे दोघे न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत काम करत होते. लिस्कर यांचा तेलुगूचा अभ्यास होता, बोली तेलुगू शिकवणारं त्यांचं पुस्तक १९६३ मध्ये आलं. अब्रॅमसन थाई भाषेचे जाणकार. प-ब, त-द, क-ग असा भेद भाषाभाषांत कशाने होतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जुनी पुस्तकं याची उत्तरं ‘घोष-अघोष’, ‘महाप्राण-अल्पप्राण’, ‘जोरकस-सैल’ अशा शब्दांत देत, आणि ‘जोरकस’ म्हणजे नेमकं काय मोजायचं हे कुणी सांगत नसे. या दोघांनी ठरवलं की एकच गोष्ट मोजायची. ओठ उघडून हवेचा स्फोट होतो तो क्षण शून्य धरायचा. स्वरतंतूंची कंपनं त्याच्या किती आधी किंवा किती नंतर सुरू होतात, ते पाहायचं. आधी सुरू झाली तर आकडा ऋण, नंतर झाली तर धन. यालाच पुढे सगळे ‘व्हॉइस ऑनसेट टाइम’, म्हणजे व्हीओटी, म्हणू लागले. ‘वर्ड’ नावाच्या नियतकालिकात १९६४ मध्ये निबंध आला. त्यात ११ भाषा होत्या आणि त्यांत इंग्रजी, हिंदी, तमिळ यांच्याबरोबर मराठीही होती.

ही शेवटची गोष्ट मला निबंध उघडेपर्यंत माहीत नव्हती. मराठी भाषकांच्या उच्चारावर प्रबंध लिहायला निघालेली मुलगी ज्या निबंधाचा आधार देत होती, त्यात मराठीवर स्वतंत्र मोजणी आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. असो.

निबंधाचं यश कशात आहे ते आधी मोकळेपणाने मान्य करू. स्पेक्ट्रोग्राफवर काढलेल्या चित्रांवर मोजून त्यांनी दाखवलं की बहुतेक भाषांतले आकडे तीन जागी गोळा होतात. काही ध्वनींत कंपन स्फोटाच्या सुमारे १०० मिलिसेकंद आधी सुरू होतं, काहींत स्फोटाबरोबर किंवा पाव दशांश सेकंदाच्या आत, आणि काहींत ६० ते १०० मिलिसेकंद उशिरा. स्पॅनिश, डच, हंगेरियन पहिली दोन घरं वापरतात, कँटोनीज शेवटची दोन, थाई तिन्ही. एका साध्या मोजणीने शेकडो पानांचा शब्दच्छल बाजूला पडला. मला अजूनही हा निबंध सुंदर वाटतो. कारण त्यातली फूटपट्टी कशी बनवली, हे वाचणाऱ्याला स्वतः तशी बनवता येईल इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं आहे.

आता इंग्रजीचे आकडे. सुटे शब्द वाचून घेतल्यावर प ची सरासरी ५८, ट ची ७०, क ची ८०. इथवर माझं पाठांतर बरोबर होतं. पण त्याच तक्त्यात ब, ड, ग आहेत, आणि त्यांच्या सरासऱ्या आहेत १, ५ आणि २१. या धन आहेत! म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी ब अनेकदा ‘घोष’ नसतोच. स्फोट होईपर्यंत स्वरतंतू गप्प असतात. कंपन आधीपासून सुरू झालेले ब, ड, ग तक्त्यात वेगळे दिले आहेत. पण अमेरिकन इंग्रजीचे वक्ते होते चार, आणि तसले उच्चार जवळजवळ सगळे एकाच वक्त्याचे.

थोडं थांबून याचा अर्थ लावू. आपला मराठी प पण स्फोटाबरोबरच सुरू होतो, तोही याच मधल्या घरात. मग या फूटपट्टीवर इंग्रजी ‘बिन’मधला ब आणि मराठी माणसाच्या ‘पिन’मधला प एकाच जागी येतात. अमेरिकेत गेलेल्या नातेवाइकांकडून तुम्ही ऐकलं असेल की ‘आम्ही प म्हटलं की ह्यांना ब ऐकू येतो.’ ती थट्टा नव्हे. १९६० च्या एका प्रयोगात (त्यातही अब्रॅमसन होते) ध्वनिफितीवरच्या ‘स्पिन’सारख्या शब्दांतला स कापून टाकला, तेव्हा इंग्रजी श्रोत्यांना उरलेला ध्वनी ब-ड-ग गटातला वाटला. साधा प त्यांच्या कानाला ब च्या जवळचा.

माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती: झालं, मग ‘सदोष’ शब्द ठेवते, पुरावा मिळाला. पण मग उलट बाजूने प्रश्न पडला. इंग्रजी ब जर आपल्या प सारखाच असेल, तर आपण ‘बॉल’ ऐकून ‘पॉल’ का लिहीत नाही? आपल्या कानांना तर हा फरक नेमका कळायला हवा. हे कोडं व्हीओटीच्या आकड्यात सुटत नाही. त्या आकड्यापलीकडे इंग्रजी ब आणि प मध्ये आणखी काहीतरी आहे, जे आपण ऐकतो (किंवा स्पेलिंग पाहून ऐकल्यासारखं करतो).

हे ‘आणखी काहीतरी’ किती आहे? याचं उत्तर खुद्द लिस्कर यांनीच दिलं, २२ वर्षांनी. १९८६ च्या एका लेखात त्यांनी ‘रॅपिड’ आणि ‘रॅबिड’ या दोन इंग्रजी शब्दांतला फरक कशाकशाने सूचित होऊ शकतो याची यादी केली. आधीच्या स्वराची लांबी, ओठ किती वेळ मिटलेले, पुढच्या स्वराचा सूर सुरुवातीला किती उंच, वगैरे. नोंदी १६ झाल्या. ज्याने एका आकड्याची फूटपट्टी बनवली, तोच माणूस नंतर सांगतो की एकाच जोडीत १६ खुणा आहेत. पण गंमत बघा, आराखड्यांत आणि प्रबंधांत मला भेटतो तो १९६४ चा लिस्कर. १९८६ चा क्वचितच. कारण उघड आहे. एक आकडा तक्त्यात बसतो. १६ खुणा बसत नाहीत.

आता मराठीच्या पानाकडे येते. माझ्या मते हा निबंधातला सगळ्यात प्रामाणिक भाग आहे, आणि आपल्यासाठी सगळ्यात उपयोगी.

हिंदी आणि मराठीत प्रत्येक जागी चार ध्वनी: प, फ, ब, भ. घरं तीन, राहणारे चार. प मधल्या घरात, फ उशिराच्या घरात, ब आधीच्या घरात. भ कुठे जाणार? ‘भात’ म्हणताना कंपन स्फोटाच्या आधीच सुरू असतं, ‘बात’सारखंच. म्हणून व्हीओटीच्या रेषेवर ब आणि भ एकमेकांवर पडतात. फरक स्फोटाच्या नंतर आहे. भ मध्ये स्वरतंतू कंपत असतानाच पुरते मिटत नाहीत, त्यांच्या फटीतून श्वास वाहत राहतो आणि पुढच्या स्वराची सुरुवात धुरकट येते. ‘कंपन कधी सुरू झालं’ या प्रश्नाला ब आणि भ चं उत्तर एकच आहे. ‘कंपन कसं आहे’ हा प्रश्न फूटपट्टी विचारतच नाही. लेखकांनी हे लपवलेलं नाही, घोष महाप्राणांना ही मोजणी वेगळं काढू शकत नाही असं त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे.

इथे आपल्यातला कुणीतरी म्हणणार की आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं. मला या वाक्याची एरवी चीड आहे. पण या ठिकाणी मुद्दा खरा आहे आणि नेमका आहे. ऋक्प्रातिशाख्यात अघोष वर्णांचं द्रव्य श्वास, घोष वर्णांचं नाद, आणि घोष महाप्राण व ह यांचं दोन्ही, असं वर्णन आहे. डब्ल्यू. एस. ॲलन यांचं प्राचीन भारतातल्या स्वनविज्ञानावरचं पुस्तक १९५३ चं, म्हणजे हे वर्णन १९६४ पूर्वी इंग्रजीत उपलब्धही होतं. त्या परंपरेने भ ला काळाच्या रेषेवर बसवायचा प्रयत्न केला नाही, दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात असं धरलं. म्हणून तिथे चौथ्याला जागा मिळाली. याचा अर्थ प्रातिशाख्यकार मोजत होते असा नाही. त्यांच्याकडे आकडे नव्हते. आणि आकडे नसतील तर मराठी प आणि इंग्रजी प यांत किती अंतर आहे, हा माझा प्रश्न त्यांना विचारता येत नाही.

निबंधाच्या मर्यादांकडे बोट दाखवताना एक सोपा मुद्दा सगळेच मांडतात, की वक्ते फार कमी होते, काही भाषांसाठी तर एकेकच. मुद्दा बरोबर आहे, पण यावर अख्खा परिच्छेद खर्च करू नका. त्या काळात प्रत्येक शब्दाचं चित्र कागदावर काढून हाताने मोजावं लागे. आज प्राट हे ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि तरीही आपण दहा-बारा मित्रमैत्रिणींना पकडून त्यांना ‘मराठी भाषक’ म्हणतो. माझ्याही आराखड्यात बाराच होते, सगळे माझ्याच वसतिगृहातले.

मला जास्त अडचणीचं वाटतं ते वेगळंच. सुटे शब्द वाचायला दिले तर माणूस सावध बोलतो. लेखकांनी वाक्यांतले शब्दही मोजले, तेव्हा इंग्रजीतली अंतरं आक्रसली आणि थोडी सरमिसळही दिसली. संदर्भाचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी १९६७ मध्ये वेगळा निबंधच लिहिला. म्हणजे ५८ हा ‘इंग्रजी प’ चा आकडा नाही. काही अमेरिकन माणसांनी प्रयोगशाळेत सुटा शब्द सावकाश म्हटला, तेव्हाची ती सरासरी आहे. बोलण्याचा वेग वाढला की तो कमी होतो, पुढचा स्वर बदलला की हलतो. मी माझ्या बारा जणांना परिच्छेद वाचायला देणार होते आणि त्यांचे आकडे ५८ शेजारी ठेवणार होते. धावणाऱ्याची वेळ चालणाऱ्याशी लावल्यासारखंच झालं असतं ते.

आणि फ. आपले बरेच वक्ते ‘फळ’ दात लावून म्हणतात. तसं म्हटलं की तो स्फोटक उरत नाही, घर्षक होतो. मग स्फोटाचा क्षणच नाही आणि शून्य कुठे धरायचं हेही ठरवता येत नाही. प-फ तुलनेवर उभा असलेला माझा तिसरा प्रकरणाचा बेत इथेच कोसळला. ख आणि ठ वर हे संकट नाही, म्हणून मोजणी तिकडे वळवता येते. पण ट-ठ मध्ये जीभ कुठे टेकते हाही फरक आहे. इंग्रजी ट हिरडीपाशी, आपला मागे वळून. तो वेगळा गुंता आहे, आज नको.

उरतो तो प्रश्न: मराठीत महाप्राण तयार असताना आपण इंग्रजी ‘पेन’ला ‘फेन’ आणि ‘कप’ला ‘खप’ का केलं नाही? नेहमीचं स्पष्टीकरण स्पेलिंगचं आहे. रोमन लिपीत आपण फ साठी पी-एच, ख साठी के-एच लिहितो. मग नुसता पी दिसला की तो प. आपण इंग्रजी कानाने कमी आणि डोळ्याने जास्त शिकलो, असा याचा अर्थ. मला हे पटतं, आणि म्हणूनच मी त्याच्या विरुद्ध पुरावा शोधायला गेले. अक्षरं न पाहता, नुसतं ऐकून आलेले जुने शब्द काय सांगतात? मला ‘फलाट’ सापडला. तो ‘प्लॅटफॉर्म’वरून आला असं मानतात. प चा फ! इतका आनंद झाला की रात्री अकराला मार्गदर्शकांना निरोप पाठवला. सकाळी उत्तर आलं: “प्लॅटफॉर्ममध्ये पुढे फ आहेच की. तो उडी मारून पुढे आला नसेल कशावरून?” बरोबर. मग ‘पलटण’ घेतला. तिथे प आहे. पण तो ‘प्लॅटून’वरून की ‘बटालियन’वरून, यावरच जुन्या कोशांत दुमत आहे, आणि दुसरं खरं असेल तर तो प चा पुरावाच नाही. ‘कप्तान’ पोर्तुगीजांकडून, आणि पोर्तुगीज प-त-क मध्ये असा श्वास नसतो, म्हणून तोही बाद. शब्दांच्या मागे लागून एक आठवडा गेला आणि हाती एकही निर्विवाद उदाहरण राहिलं नाही. तो आठवडा आराखड्यात कुठेही दिसत नाही.

‘सदोष’ शब्दाकडे परत येते. इंग्रजी संभाषणाच्या वर्गात मलाही मेणबत्ती पुढे धरून ‘पेपर’ म्हणायला लावलं होतं. ज्योत विझली की उच्चार बरोबर. त्या शिक्षकांचा हेतू चांगला होता. ज्याला अमेरिकन ग्राहकाशी फोनवर बोलायचं आहे, त्याला प चा ब ऐकू जाऊ नये म्हणून ही सवय लावून घ्यायला काहीच हरकत नाही. पण नगरचा माणूस नागपूरच्या माणसाशी इंग्रजीत बोलतो तेव्हा दोघांचाही प मधल्या घरात असतो, दोघांचाही ब आधीच्या घरात, आणि ‘पिन’-‘बिन’चा घोटाळा होतच नाही. उलट या फूटपट्टीवर त्यांचा प आणि ब एकमेकांपासून चांगले लांब असतात. १९६४ च्या निबंधात ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांचा विचारच नाही. तो अर्थ मी त्याच्यावर लादला होता, आणि मग त्याचाच दाखला दिला होता.

दुसऱ्या खेपेला आराखडा नेला तेव्हा ते वाक्य असं होतं: ‘मराठी भाषकांच्या इंग्रजीत शब्दारंभीच्या क आणि ग यांमधला भेद कोणकोणत्या ध्वनिखुणांनी होतो, हे वाक्यांत आणि सुट्या शब्दांत वेगवेगळं मोजणे.’ वक्ते २४, तीन जिल्ह्यांतले, आणि त्यांतले निम्मे मराठी माध्यमातून शिकलेले. व्हीओटी आहेच, पण पुढच्या स्वराचा सूरही मोजायचा आहे. बाईंनी या वेळी ‘तीन जिल्हे’भोवती गोल काढला आणि विचारलं, “हेच तीन का?” त्याचं उत्तर मी अजून लिहिते आहे.

निबंध वाचणार असाल तर एक सुचवते. ‘वर्ड’च्या विसाव्या खंडात तो ३८४ व्या पानापासून आहे. इंग्रजीच्या तक्त्याआधी हिंदी-मराठीचा तक्ता उघडा. अब्रॅमसन यांनी डग्लस व्हेलन यांच्यासोबत २०१७ मध्ये या मोजणीच्या पन्नाशीनिमित्त लिहिलेला आढावाही शेजारी ठेवा. मोजताना कुठे चुकतं आणि मोजणी कुठे पुरी पडत नाही, याची चर्चा त्यात आहे. आणि रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करा. माझ्या पहिल्या चार वक्त्यांच्या फायलींत स्फोटाच्या जागी पंख्याचीच घरघर दिसते.